धोटा, उजनी आणि क्यू-१० ची कॅप्सूल

मेच्या शेवटच्या आठवड्यातली संध्याकाळ. ऊन उतरलं होतं, पण रस्त्याची वाफ अजून अंगावर येत होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या औषधाच्या दुकानात विड्या वळणाऱ्या एक मावशी आल्या. हातात मुलाचा मोबाईल, त्यावर कुणीतरी पाठवलेलं चित्र: लाल हृदय, त्यातून निघणारी पिवळी किरणं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘क्यू-१०’.

“दादा, ही गोळी द्या. जिना चढला की दम लागतोय, अंगात ताकदच राहिली नाही. ह्यानं हार्टला करंट मिळतो म्हणे.”

डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. दहा कॅप्सूलच्या पट्टीची किंमत सांगितली, तेव्हा बटव्याची नाडी सोडणारा त्यांचा हात तिथंच थांबला. तरी म्हणाल्या, “असू द्या, द्या.”

मी पट्टी दिली नाही. का दिली नाही, हे गर्दीच्या वेळी उभ्या-उभ्या नीट सांगता आलं नाही. ती गोष्ट मनाला लागून राहिली, कारण हाच प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा विचारला जातो. कोएन्झाइम क्यू-१० हा भंपक पदार्थ नाही. आपल्या प्रत्येक पेशीत तो आहे, त्याच्याशिवाय हृदयाचा एक ठोकाही पडणार नाही. त्यामुळेच त्याच्याबद्दल खरं काय आणि वाढवून सांगितलेलं काय, हे वेगळं करायला थोडा वेळ लागतो.

नावापासून सुरुवात करू. शाळेच्या पुस्तकात आपण ‘विकर’ शिकलो. शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारी प्रथिनं म्हणजे विकरं. काही विकरांना एकट्यानं काम जमत नाही, हाताखाली मदतनीस लागतो. तो मदतनीस म्हणजे सहविकर, इंग्रजी नाव कोएन्झाइम. ‘क्यू’ हे अक्षर त्याच्या क्विनोन या रासायनिक घराण्यावरून आलं आणि ‘१०’ हा त्याच्या शेपटीतल्या दुव्यांचा आकडा. माणसाच्या क्यूला दहा दुव्यांची लांब, तेलकट शेपटी असते. उंदराच्या शरीरात मुख्यतः नऊ दुव्यांची असते. ही तेलकट शेपटी लक्षात ठेवा, कॅप्सूल कशी घ्यायची हे पुढे तिच्यावरच ठरणार आहे.

आता हा मदतनीस नेमकं करतो काय? इथं मला माझ्या वडिलांचा माग आठवतो. ते एका चादर कारखान्यात तीस वर्षं यंत्रमागावर होते. सुट्टीत मी डबा घेऊन जायचो. तो खटखटाट इतका असायचा, की माणसं ओठ बघून बोलणं ओळखायची. मागावर ताण्याचे उभे धागे ताणलेले असतात, ते वर-खाली होऊन मधे फट पडते आणि त्या फटीतून धोटा सुसाट या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी. तो जातो, परत येतो, पुन्हा जातो. धोटा स्वतः कापडात विणला जात नाही. पण तो थांबला, की ताणा चांगला असून, वीज असून, कारागीर उभा असून कापडाचं एक बोटसुद्धा पुढे सरकत नाही.

पेशीच्या आत तंतुकणिका नावाचे बारीक बारीक कारखाने असतात. आपण खाल्लेली भाकरी, डाळ, तेल यांचं पचन होऊन शेवटी त्यातून ऊर्जेनं भरलेले इलेक्ट्रॉन निघतात. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात प्रथिनांचे चार मोठे गट ओळीनं बसलेले आहेत. पहिला आणि दुसरा गट अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन गोळा करतात, पण ते तिसऱ्या गटापर्यंत पोचवायला त्यांना हात नाहीत. मधलं अंतर क्यू-१० कापतो. तो या बाजूला दोन इलेक्ट्रॉन उचलतो, पडद्याच्या तेलकट थरातून सरकत जातो, तिसऱ्या गटाच्या हवाली करतो आणि रिकामा होऊन परत येतो. उपमा इथं थोडी सुटते, कारण मागावरचा धोटा दोन्ही फेऱ्यांत सूत टाकतो आणि क्यू येताना रिकामा असतो. बाकी काम तेच. भरलेल्या क्यूला युबिक्विनॉल म्हणतात, रिकाम्याला युबिक्विनोन. औषधाच्या खोक्यावर हे दोन शब्द दिसले, तर समजावं की एकाच धोट्याच्या दोन अवस्था आहेत.

इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासात जी ऊर्जा सुटते, तिच्यातून थेट ‘ताकद’ तयार होत नाही. आधी साठा होतो. पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन नावाचे कण ढकलले जातात आणि तिथं त्यांची गर्दी होते. उजनी धरण डोळ्यांसमोर आणा. भिंतीमागे पाणी तुंबतं, ते वीजघरातून खाली येताना टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. अगदी तसं, तुंबलेले प्रोटॉन पडद्यातल्या एका फिरत्या प्रथिनातून परत येतात आणि ते फिरताना एटीपी हा रेणू तयार होतो. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. स्नायू आवळायचा, मेंदूनं निरोप पाठवायचा, सगळा व्यवहार या रोकडीत चालतो. प्रोटॉनांच्या धरणाची ही कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये मांडली, तेव्हा कित्येकांनी ती मनावर घेतली नव्हती. १९७८ मध्ये त्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. क्यूच्या फेऱ्यांतून प्रोटॉन कसे ढकलले जातात, त्याचं चक्रही त्यांनीच सुचवलं.

हृदयाचा संबंध इथं येतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, एकही सुट्टी नाही. हृदयाच्या स्नायूत एटीपीची शिल्लक जेमतेम काही सेकंद पुरेल एवढीच असते, म्हणजे रोकड सतत छापत राहावी लागते. म्हणून हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो. जिथं माग जास्त, तिथं धोटे जास्त.

क्यू सापडला तोही हृदयातच. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन बैलाच्या हृदयाच्या तंतुकणिकांवर काम करत होते. त्यांच्या हाती एक पिवळा स्फटिकासारखा पदार्थ लागला. दुसऱ्याच वर्षी मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल फोकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला मॉर्टन यांचा गट याच पदार्थाच्या मागे होता. तो जिथं पाहावं तिथं सापडतो, म्हणून त्यांनी ‘सर्वत्र असणारा’ या अर्थाच्या शब्दावरून युबिक्विनोन हे नाव दिलं. १९७४ मध्ये जपाननं हृदय अशक्त झालेल्या रुग्णांसाठी औषध म्हणून त्याला मान्यता दिली. बाजारात ‘नवा शोध’ म्हणून येणारी ही कॅप्सूल अशी पन्नास वर्षांची जुनी आहे.

क्यू-१० हे जीवनसत्त्व नाही. जीवनसत्त्व बाहेरून घ्यावं लागतं, क्यू आपलं शरीर स्वतः घडवतं, जवळजवळ प्रत्येक पेशीत. अन्नातून मिळतो तो थोडा: मटण, काळीज, बांगडा, तारली, सोयाबीन, तीळ आणि आपल्या शेंगा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी हे आमच्याकडे रोजचं जेवण, म्हणून एकदा मी हिशेब करून पाहिला. भाजलेल्या १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण अडीच-पावणेतीन मिलिग्रॅम क्यू-१० असतो. बाजारातल्या एका १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची बरोबरी करायची, तर साडेतीन-चार किलो शेंगदाणे खावे लागतील. तेव्हा ‘अमुक खा, क्यू-१० वाढवा’ असं कुणी सांगितलं, तर ऐकून सोडून द्यावं. चटणी चवीसाठी खावी.

दोन गोष्टींनी शरीरातला क्यू कमी होतो. पहिली वय. विशीत हृदयातलं त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, ऐंशीच्या घरात ते निम्म्याच्याही खाली येतं. शिवाय हृदय अशक्त झालेल्या रुग्णांच्या स्नायूचे तुकडे तपासले, तेव्हा आजार जितका पुढे गेलेला तितका क्यू कमी, असं आढळलं. पण कमी झाला म्हणून हृदय थकलं, की हृदय थकलं म्हणून क्यू कमी झाला? बंद पडत चाललेल्या कारखान्यात धोटेही कमीच दिसणार. नुसत्या मोजमापानं हा प्रश्न सुटत नाही, औषध देऊन बघावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन. याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल आणि क्यूची ती लांब शेपटी एकाच कच्च्या मालापासून बनतात. एका सूतगिरणीतून निघालेलं सूत पुढे चादरीच्या मागाकडेही जातं आणि टॉवेलच्या मागाकडेही, तसं. स्टॅटिन गिरणीच्या दाराशीच माल अडवतं. त्यामुळे कोलेस्टेरॉल उतरतं आणि रक्तातला क्यूही उतरतो. इथवर सगळं खरं. पण रक्तातला क्यू हा कोलेस्टेरॉलच्याच गाडीतून, म्हणजे एलडीएल कणांतून, फिरत असतो. गाड्या कमी झाल्या की त्यांतला मालही कमी मोजला जाणार. प्रत्यक्ष स्नायूत तो किती घटतो, याबाबत सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही.

‘स्टॅटिननं पाय दुखतात, ते क्यू घटल्यामुळे, म्हणून क्यूची कॅप्सूल घ्या’ ही साखळी ऐकायला फार सुबक वाटते. चाचण्यांत मात्र ती अर्धवटच टिकते: काही छोट्या अभ्यासांत आराम दिसला, काहींत अजिबात नाही. आणि दुखणं खरंच गोळीचं असतं का? लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीचे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर महिन्यागणिक बाटल्या दिल्या: काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, काही महिने रिकामी बाटली. कोणत्या बाटलीत खरी आणि कोणत्या बाटलीत खोटी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनंही झाला. याचा अर्थ माणसं ढोंग करत होती असा मुळीच नाही. दुखणं खरं होतं. गोळी घेण्याची भीतीही अंग दुखवते. निकाल दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

तेव्हा स्टॅटिन चालू असताना पाय दुखत असतील, तर आपल्या डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, दुसरी स्टॅटिन देता येते, थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासता येतं. क्यू-१० घेऊन बघायचा असेल, तर त्यांना विचारून घेऊन बघा. मनानं गोळी बंद मात्र करू नका. अंग फार गळालं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा त्रास दुर्मीळ आहे, पण तो खरा असतो आणि मूत्रपिंडावर बेततो.

आता मुख्य प्रश्न. हृदयाला याचा उपयोग होतो का?

‘हृदयाला’ असं मोघम विचारलं, तर उत्तर देता येत नाही. ज्यांचं हृदय ठणठणीत आहे, त्यांनी क्यू-१० घेतल्यानं पुढचा झटका टळतो, असं दाखवणारी भक्कम चाचणी नाही. रक्तदाबावरही त्याचा मोजण्याजोगा भरवशाचा परिणाम दिसलेला नाही. जिथं आशा आहे, ती जागा वेगळी: हृदयाचं पंपिंग कमी झालेले रुग्ण. इंग्रजीत याला हार्ट फेल्युअर म्हणतात आणि ‘फेल’ शब्द ऐकून घरचे रडायला लागतात. हृदय बंद पडलं असा त्याचा अर्थ नाही, ते मागणीएवढं रक्त ढकलू शकत नाही एवढाच. पायावर सूज, आडवं झालं की धाप, रात्री उठून बसावं लागणं ही त्याची लक्षणं.

अशा ४२० रुग्णांवर युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या १७ केंद्रांत क्यू-सिम्बायो नावाची चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये छापून आला. नेहमीची औषधं दोन्ही गटांत चालूच होती. एका गटाला त्यावर १०० मिलिग्रॅम क्यू-१० दिवसातून तीनदा, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल. १६ आठवड्यांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. दोन वर्षांनी पाहिलं, तेव्हा मोठा दिसला: हृदयाच्या गंभीर घटना खोट्या कॅप्सूलच्या गटात शंभरात २६ जणांना, क्यूच्या गटात १५ जणांना. मृत्यू एका गटात शंभरात १८, दुसऱ्यात १०.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हरखून गेलो होतो. नंतर सावकाश वाचलं. ४२० ही संख्या हृदयाच्या चाचण्यांच्या मानानं लहान आहे, हृदयाच्या मोठ्या औषधांच्या चाचण्यांत हजारो रुग्ण असतात. रुग्ण मिळायलाच कित्येक वर्षं लागली. खर्चात कॅप्सूल बनवणाऱ्या कंपन्यांचा हात होता. आणि आज हृदयाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही प्रभावी गोळ्या, उदाहरणार्थ सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा डापाग्लिफ्लोझिन, तेव्हा या उपचारात आल्याच नव्हत्या. त्या चालू असताना क्यू-१० वरून किती भर घालेल, हे त्या चाचणीतून सांगता येत नाही.

स्वीडनमध्येही एक अभ्यास झाला, सत्तरी ओलांडलेल्या ४४३ जणांवर चार वर्षं. क्यू-१० सोबत सेलेनियम हे खनिज दिलं होतं. हृदयविकाराचे मृत्यू सुमारे १२.६ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आले. पण स्वीडनच्या मातीत सेलेनियम मुळातच कमी, त्यामुळे श्रेय कुणाला किती, हे वेगळं काढता येत नाही आणि तो निकाल उचलून सोलापूरच्या माणसाला लावता येत नाही. २०२१ मध्ये कॉक्रेन या नामांकित गटानं हार्ट फेल्युअरवरचे ११ अभ्यास एकत्र तपासले. त्यांचं म्हणणं: मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणं बहुधा कमी होतं, पुरावा मध्यम दर्जाचा. दुसरीकडे अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञ संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी पूरकं उपचार म्हणून देण्याची शिफारस नाही. माझं मत विचाराल, तर मी कॉक्रेनच्या ‘बहुधा’ या शब्दाला मान देईन. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला त्याच्या डॉक्टरांनी बाकीच्या औषधांसोबत क्यू-१० लिहून दिलं, तर मी ते मनापासून देतो. बाकीच्या औषधांऐवजी मागितलं, तर देत नाही.

शास्त्र पटलं म्हणजे औषध लागू पडतंच असं नाही, याचं एक उदाहरण सांगतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, मेंदूतल्या तंतुकणिकांचं काम बिघडतं. मग क्यू द्यावा, हा विचार अगदी बरोबर वाटतो. अमेरिकेत ६०० रुग्णांवर दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या. काहीही फायदा झाला नाही, अभ्यास मधेच थांबवावा लागला. त्यातून एक कळलं, की एवढी मात्राही शरीर सोसतं. विष नाही, पण तिथं औषधही नाही. उलट काही बाळांत जनुकीय दोषामुळे क्यू तयारच होत नाही. अशा विरळ आजारात लवकर निदान होऊन क्यू दिला, तर मूल सुधारू शकतं. तिथं धोटाच नव्हता, तो मिळाला.

मावशींच्या ‘ताकदी’चा प्रश्नही इथंच सुटतो. चालू मागावर चार धोटे जास्तीचे आणून ठेवले, म्हणून कापड जास्त निघत नाही. सूत संपलं असेल, वीज गेली असेल, पट्टा तुटला असेल, तर धोटा काय करणार? थकव्याचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल, तर मागापर्यंत प्राणवायूच पोचत नाही, आणि त्या चार गटांच्या रांगेच्या शेवटी इलेक्ट्रॉन प्राणवायूलाच द्यायचे असतात. तो नसेल, तर अख्खी रांग तुंबते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं. थायरॉइड मंदावलेली असते. शुगर वाढलेली असते आणि माहीतच नसतं. रात्री घोरून-घोरून झोप मोडते. मन उदास असतं, आणि आपल्याकडे त्याला ‘अशक्तपणा’ म्हणतात. यांतल्या प्रत्येकावर क्यू-१० हून नेमका उपाय आहे.

मावशींना मी आधी रक्त तपासायला सांगितलं. दम लागतोय म्हणून ईसीजीही काढून घ्या म्हटलं. ईसीजी ठीक आला. हिमोग्लोबिन मात्र ७.४, फारच कमी. मासिक पाळीत वर्षभर जास्त रक्त जात होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी त्याचा इलाज सुरू केला आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

ज्यांना डॉक्टरांनी क्यू-१० दिलं आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. ती तेलकट शेपटी आठवते ना? पाण्यासोबत रिकाम्या पोटी घेतलेली कॅप्सूल बरीचशी वाया जाते. जेवणात थोडं तेल-तूप असतं तेव्हा, जेवतानाच घ्या. मात्रा मोठी असेल तर दोन-तीन वेळा विभागून, कारण आतडं एका दमात थोडंच शोषतं. संध्याकाळी उशिरा घेतल्यानं काहींची झोप उडते. कुणाला मळमळ, कुणाला जुलाब होतात, बहुतेकांना काहीच होत नाही. ‘युबिक्विनॉल’ लिहिलेली महाग बाटलीच हवी असा हट्ट नको, रिकामा धोटा भरून घेणं शरीराला चांगलं जमतं. फरक दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात, हे क्यू-सिम्बायोच्या १६ आठवड्यांनी दाखवलंच आहे.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा कृत्रिम झडप बसवलेल्यांसाठी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल घेणाऱ्यांसाठी. क्यू-१० ची ठेवण ‘के’ जीवनसत्त्वासारखी आहे आणि तो या गोळ्यांचा असर कमी करू शकतो. झडपेवर गुठळी बसली, तर लकवा मारू शकतो. म्हणून डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. सांगून सुरू केलं, तर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी लवकर करा. किमोथेरपी चालू असेल, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी लांब राहावं.

आणि खोकं वाचा. आपल्या देशात क्यू-१० च्या बऱ्याच कॅप्सूल औषध म्हणून विकल्याच जात नाहीत, त्या अन्न-पूरक म्हणून येतात. त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते. ती छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. समोर मोठं हृदय आणि मागे बारीक अक्षरांत ही ओळ. शिवाय कित्येक कॅप्सूलमध्ये क्यू-१० नावापुरता आणि सोबत दहा जीवनसत्त्वं असतात. मिलिग्रॅमचा आकडा शोधा.

वडिलांच्या कारखान्यातले एक जुने कारागीर अजून माझ्याकडे येतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला, पंपिंग ३० टक्क्यांवर आलं. पाच प्रकारच्या गोळ्या चालू झाल्या. नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्या मुलानं काळजीपोटी क्यू-१० ची मोठी बाटली पाठवली. अण्णांनी हिशेब केला: एवढी महागाची गोळी आली, आता ह्या पाच कशाला? पाणी कमी करण्याची गोळी आधी सोडली, मग एकेक करत बाकीच्या. तीन आठवड्यांत पाय सुजले. एका रात्री ते कॉटवर बसून, खिडकीची सळई धरून श्वास घेत होते. सुनेनं रिक्षा करून दवाखान्यात नेलं, पाच दिवस आत राहिले. मला ते महिनाभरानं कळलं. गोळ्या न्यायला यायचे थांबले तेव्हाच मी विचारायला हवं होतं.

डॉक्टरांनी पाचही गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बाटलीबद्दल म्हणाले, ह्यांच्यासोबत घ्यायची असेल तर घ्या, ह्यांच्याऐवजी नाही. त्यांनी आणखी एक काम लावून दिलं: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं, तर ते अंगात साठलेलं पाणी, लगेच फोन करायचा.

आता महिन्याच्या एक तारखेला अण्णा चिठ्ठीसोबत एक लांबोडकी वही आणतात. कारखान्यात बीमचा हिशेब ठेवायचे तशाच रेघा मारलेल्या, तशाच पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. परवा मी पान उलटलं: ६१, ६१, ६१.५, ६१. मधे एका दिवशी ६२.५ आणि समोर बारीक अक्षरांत ‘हुरडा पार्टी’. मी वर पाहिलं तर म्हणाले, “एक दिवसच. चटणीत मीठ होतं. दुसऱ्या दिवशी उतरलं बघ.” आणि पाचही पट्ट्या मोजून पिशवीत टाकल्या.